सूचना एकूण नऊ

पुण्यात नवी पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. वडिलांनी घेतलेल्या, आता माझ्या नावावर. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना त्या आम्ही कॉट बेसिसवर देतो. लातूर, बीड, नांदेडकडून मुलं येतात. दारामागे मी एक कागद लॅमिनेट करून लावला आहे. त्यावर सतरा सूचना आहेत. पहिली, 'भाडे ५ तारखेच्या आत द्यावे'. सतरावी, 'वरील सूचनांवर चर्चा होणार नाही'. मधल्या पंधरा सूचनांपैकी प्रत्येकीमागे एकेक मुलगा आहे. 'खिडकीतून बादली खाली सोडू नये' ही अकरावी सूचना वाचून नवी मुलं हसतात. त्यांना तो मुलगा माहीत नाही. तो आता तहसीलदार आहे.

बाहेरची पाटी रंगवणाऱ्याने एकदा 'भाड्याने देने आहे' असं रंगवून आणलं होतं. मी ती त्याच्याच खर्चाने पुन्हा रंगवून घेतली. भाडेकरू नंतर येतो, आधी पाटी येते, असं माझं मत आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की तीस वर्षं घरमालकी केलेला मी गेल्या मे महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा भाडेकरू झालो. तोही मॉरिशसला.

वास्तविक टूर कंपनीबरोबर जायचं ठरत आलं होतं. पण खालच्या मजल्यावरचे काका तसे जाऊन आले आणि त्यांनी 'सहा-सात-आठ'चं वर्णन केलं. म्हणजे सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. "समुद्र कसा होता?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "डाव्या बाजूला होता." मी बसमध्ये उजवीकडे बसलेल्यांचा विचार केला आणि घरी जाहीर केलं, की आपलं आपण जायचं, तिथे छोटं घर भाड्याने घ्यायचं, आणि वाटेल तेव्हा उठायचं. मला कुठेही पाचलाच जाग येते, हे तेव्हा कुणी लक्षात आणून दिलं नाही.

लेकीने घर शोधलं. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक नावाचं गाव आहे. धुणं दगडावर आपटल्यासारखं नाव. तिथे किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांचा, स्वयंपाकघरासकट बंगला. मालकीणबाईंचा नंबर मिळाला. मी इंग्रजीत चौदा प्रश्न पाठवले. पाणी चोवीस तास असतं का? गॅसचा एकच सिलिंडर की जोडीला दुसरा? दार कुठल्या दिशेला? उत्तर एकच आलं, दोन शब्दांचं. लेकीने वाचून दाखवलं. "पेना प्रॉब्लेम."

"म्हणजे?"

"तिकडची क्रिओल भाषा आहे बाबा. म्हणजे, काही अडचण नाही."

चौदा प्रश्नांना एक उत्तर देणारी व्यक्ती मी फक्त सरकारी कचेरीत पाहिली होती, आणि तिथे ते उत्तर उलट असतं. मी कराराचा मसुदा मागवला. बाईंनी विचारलं, कशाला? आता यांना काय सांगणार? आमच्या महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. चार भिंती वापरायला दिल्या तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी लागतो, त्याची नोंदणी लागते, अंगठा आणि फोटो लागतो. आणि तो करार अकरा महिन्यांचा करायची रीत आहे. बारावा महिना घरमालकाने नुसता काळजीत काढायचा. मी विचारलं, निदान डिपॉझिट किती? उत्तर आलं, आल्यावर बघू.

त्या रात्री मला झोप लागली नाही. "डिपॉझिट न मागणारा माणूस म्हणजे फसवणूक," मी म्हणालो. "किंवा तो पुण्याचा नसेल," ही म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. आपल्याला व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात. आमच्याकडचा पत्ता होता, 'चर्च ओलांडल्यावर दाळपुरीच्या गाडीसमोरचं निळं फाटक'. अधिकाऱ्याने तो वाचला, मान डोलावली आणि शिक्का मारला. देश लहान असला की असं जमतं. हे बेट उभं मोजलं तर साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-लोणावळा. आख्ख्या देशाची वस्ती बारा-तेरा लाख. २०११ च्या जनगणनेतच एकट्या पुणे शहरात ३१ लाख माणसं होती, आणि त्यांतली निम्मी गणेशोत्सवात लक्ष्मी रोडवर असतात.

निळं फाटक सापडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलावर केळ्यांचा फणा आणि किल्ली. मी सवयीने दारामागे पाहिलं. कागद नव्हता. स्वयंपाकघराच्या दारामागे पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, कपाटं उघडून पाहिली. संपूर्ण घरात एकच लिहिलेली गोष्ट होती, फ्रिजचं नाव. माझ्या पोटात खड्डा पडला. नियम नसलेल्या घरात वागायचं कसं? ही तोवर सोफ्यावर पाय घेऊन केळं सोलत होती.

पहिली ठेच दुसऱ्याच दिवशी लागली. आपलं घर म्हटल्यावर धुणं आलं. मी अनुभवी माणूस. ऊन दक्षिणेकडून येतं, हे मला नवी पेठेतल्या गच्चीने शिकवलेलं. म्हणून मागच्या दक्षिणेकडच्या व्हरांड्यात दोरी बांधली आणि सगळे टॉवेल वाळत घातले. दुपारचे चार वाजले तरी टॉवेल ओलेच. समोरच्या अंगणात मात्र लख्ख ऊन पडलेलं. मी हवेतल्या दमटपणाला दोष दिला, टॉवेलच्या कापडाला दिला, शेवटी कंपासने दिशा तपासली. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहे. मे महिन्यात तिथे सूर्य पूर्वेला उगवतो, उत्तरेकडून जातो आणि पश्चिमेला मावळतो. हे मी शाळेत भूगोलात पाठ केलं होतं, पण टॉवेलला लावून पाहिलं नव्हतं. पाच वर्षांमागे नवी पेठेतल्या खोलीचं वास्तुशास्त्र बघून गेलेल्या गृहस्थांची मला आठवण झाली. इथे त्यांचा धंदा कसा चालेल?

न्हाणीघरात पाल होती. पण हिरवीगार, पाठीवर लाल ठिपके, जणू कुणी शालू नेसवलेला. मी झाडू उचलला, तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"नमस्कार. आपला प्रवास सुखकर झाला का?"

झाडू हातातच राहिला. साठीच्या बाई, फुलाफुलांचा झगा, पायांत रबरी चपला, आणि तोंडात बालभारतीच्या पुस्तकातलं वाक्य. ह्याच आमच्या मालकीणबाई. जवळच कॅस्कावेल नावाचं गाव आहे, जुनी मराठी वस्ती असलेलं. बाई तिथल्या. तिकडच्या प्राथमिक शाळांत मराठी हा विषय आहे, तिथे त्या शिकल्या. घरात क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच, आणि मराठी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, चांगल्या कपबशांसारखी. आडनाव विचारलं तर ते आडनावच नव्हतं, कुणा खापरपणजोबांचं नाव होतं. बोटीवरून उतरताना कारकुनाने लिहून घेतलेलं बापाचं नाव पुढे सगळ्या वंशाला चिकटलं. पुण्यात एकाच आडनावाची सहा घरं असली तर आम्ही गोत्र विचारतो. इथे बोटीचं नाव विचारत असतील.

मग आमची गट्टी जमली ती भाजीवरून. बाई रोज काहीतरी फाटकावर अडकवून जात. ब्रेद सोंझ म्हणून पिशवी आली, उघडली तर अळू. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला. पिपांगाय म्हणजे दोडका. दोडक्याला इतकं भारदस्त नाव मिळालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. हिने अळूचं फदफदं केलं, चिंच-गूळ आणि आपल्या शेंगदाण्यांसकट. बाईंनी दोनदा वाढून घेतलं. त्याबदली त्यांनी आम्हाला दाळपुरी कशी खायची ते शिकवलं. समोरच्या गाडीवर ती जोडीनेच मिळते. मऊसूत, आत वाटलेली डाळ, वर रस्सा आणि मिरचीचं वाटण. पहिल्या घासाला मला वाटलं पुरणपोळीच. फक्त कुणीतरी बोटीत चढायच्या गडबडीत गूळ घालायला विसरलं आणि मग दीडशे वर्षांत ती चूक सुधारायला कुणी परत गेलं नाही.

मी मोठ्या तोऱ्यात बाईंना सांगितलं, की सार्वजनिक गणेशोत्सव आमच्या पुण्याचा. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो. चतुर्थीला देशाला सुट्टी असते. आम्ही झाकरी करतो." झाकरी म्हणजे कोकणातलं जाखडी नृत्य. पुण्याला सुट्टी मिळते, पण देशाला नाही. मी विषय बदलला आणि पुन्हा करारावर आलो. एवढं घर, कागद नाही, कसं चालतं तुमचं?

बाई हसल्या. आम्हाला पोर्ट लुईला जाऊन आप्रवासी घाट बघून यायला सांगितलं. बंदरावर दगडी बांधकाम आहे. २००६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १८३४ पासून पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख मजूर उसाच्या मळ्यांसाठी इथे आले. त्यांतले बहुतेक बोटीतून उतरून याच घाटाच्या सोळा पायऱ्या चढले. त्यात मुंबई बंदरातून बसलेली रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसंही होती. करार असायचा पाच वर्षांचा. 'ॲग्रीमेंट'चं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. चुकीचा म्हणावा तर शब्द अगदी बरोबर बसला होता. मी त्या पायऱ्या मोजत चढलो. सोळाच होत्या. वर काही पाटी दिसली की मी आधी शुद्धलेखन बघतो, तिथे बघितलं नाही.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आमच्या खापरपणजोबांनी कागदावर एकदा अंगठा दिला. पाच वर्षांसाठी आले, ते अजून परत जायचे आहेत. आम्ही घरात कागद करत नाही."

यावर अकरा महिन्यांचा माणूस काय बोलणार?

पण स्वभावाला औषध नाही. चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर मी लेकीच्या वहीतलं पान फाडलं. नियम म्हणून नव्हे, पुढच्या भाडेकरूंच्या सोयीसाठी. आम्ही ठेचा खाल्ल्या, त्यांनी का खाव्यात? कपडे उत्तरेच्या अंगणात वाळत घालावेत. हिरव्या पालीस हाकलू नये, ती डास खाते. पाणी छतावरच्या उन्हाच्या बंबातले आहे, शेवटच्याने आंघोळीला जास्त वेळ घेऊ नये. समुद्रात चपला घालून उतरावे, खडकांत काटेरी प्राणी असतात. दाळपुरी अकराच्या आत घ्यावी. असं करत करत नऊ झाल्या. शाई पेन, वळणदार अक्षर, खाली दुहेरी रेघ. फ्रिजवर चिकटवलं आणि मला पहिल्यांदा त्या घरात गाढ झोप लागली.

सकाळी हिने वाचलं. "अहो, तुम्ही इथे भाडेकरू आहात."

निघायच्या दिवशी बाई फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत त्यांनी नऊच्या नऊ सूचना मोठ्याने वाचल्या. मी माफी मागायची तयारी केली. त्यांनी विचारलं, "हा करार आहे?"

"नाही हो. सूचना आहेत."

"मग राहू दे. तुमचं अक्षर आमच्या गुरुजींसारखं आहे."

दिवाळीत त्यांनी फोटो पाठवला. रियुनियन बेटावरचं एक फ्रेंच जोडपं स्वयंपाकघरात हसत उभं, आणि मागे फ्रिजवर माझा कागद, आता चक्क काचेच्या चौकटीत. त्यांनी विचारलं म्हणे, हे काय आहे, तर बाईंनी सांगितलं, मराठी आहे. पुढे काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. मी तो फोटो सगळ्यांना दाखवला. नवी पेठेत भाडं द्यायला आलेल्या लातूरच्या मुलालाही दाखवला. राज्यसेवेची तयारी करतोय, हुशार आहे. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"काका, सात नंबर. 'नळ निट बंद करावा.' 'नीट' दीर्घ असतं."

मी चष्मा लावला. नळ निट बंद करावा. माझ्या अक्षरात, काचेमागे, साडेचार हजार किलोमीटरवर. त्याने दारामागच्या सतराव्या सूचनेकडे पाहिलं आणि चर्चा केली नाही.

मी ताबडतोब मॉरिशसला निरोप धाडला. चौकट उघडून कागद काढावा, सातव्या ओळीत पहिली वेलांटी खोडून दुसरी द्यावी, शाई निळी असावी. उत्तर मिनिटात आलं. दोन शब्दांचं.

त्या महिन्यापासून लातूरचा मुलगा भाडं सात तारखेला देतो. मी काही बोलत नाही.