फोर्थ सीटवरची समीक्षा

पुस्तकाबद्दल मत द्यायला अभ्यास लागतो म्हणे. मला फोर्थ सीट पुरते. सकाळी मुलुंडला गाडीत शिरावं, तिघं बसलेल्या बाकावर चौथ्याने कसंबसं टेकावं, आणि त्या अर्धवट अवस्थेत जे पुस्तक घाटकोपरपर्यंत मिटवत नाही, ते चांगलं. याहून कडक कसोट्या असतील. पण त्या ऐसपैस बसून वाचणाऱ्यांच्या.

हल्ली या कसोटीला पहिल्या झटक्यात उतरली देविदास सौदागरांची ‘उसवण’. रेडिमेड कपड्यांमुळे धंदा बसलेल्या शिंप्याची गोष्ट. लेखकही तुळजापूरचा, स्वतः शिलाईकाम केलेला. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्याला याच कादंबरीसाठी मिळाला. कादंबरी छोटीशी. भांडुपला मान वर केली, तर डब्यातला एकूण एक शर्ट रेडिमेड, माझ्यासकट. लेखकाने कुठे गळा काढलेला नाही, कुणाला बोल लावलेला नाही. त्यामुळेच अंगातला शर्ट जास्त टोचला.

कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ मात्र सावकाश चालतं. धरणाने उठवलेल्या माणसांची आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीची ही गोष्ट कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी वीस पानांत ते परत दिलं. “अहो, भाषाच कळत नाही!” मला ही तक्रार पटत नाही. बोलीमुळे वेग कमी होतो, हे बरंच. एरवी मी कादंबऱ्याही व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांसारख्या वाचून मोकळा होतो. पुढे रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये याच काकांनी “मी माझ्या खोलीतून हलणार नाही” असं टेबलावर हात आपटून सांगितलं, तेव्हा कादंबरी न वाचताच त्यांना कळली आहे, अशी माझी खात्री पटली.

रंगनाथ पठारेंचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ गाडीत न्यायची सोयच नाही. एका हातात वरची कडी धरली, तर दुसऱ्या हाताने कित्येक शतकांचं घराणं पेलायचं कसं? ते घरी पालथं पडून वाचलं. आवडलं. शंभर पानं कमी असती, तर माझ्या कोपरांनाही आवडलं असतं.

नव्यांनी दमलो की मी ‘फकिरा’ काढतो. घाटकोपरला मेट्रोसाठी उतरतो, तिथून चिरागनगर जवळच. तिथल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठेंनी वारणेकाठचा हा बंडखोर १९५९ साली मराठीत आणला. गोष्ट अशी पळते की वर्णनाला बूड टेकायला वेळच मिळत नाही. आजच्या निम्म्या कादंबरीकारांनी एवढंच उचललं, तरी पुरे.

राहिलं नंदा खरेंचं ‘उद्या’. पात्रं मधूनच व्याख्यान देतात, हा दोष मान्य. पण आपल्यावर सतत कुणाची तरी नजर आहे ही त्यातली भीती लिफ्टमधल्या कॅमेऱ्याखाली उभं राहिलं की खरी वाटते. या पुस्तकाला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. मिळालेलं नको म्हणणारे लेखक आपल्याकडे आहेत. घेतलेलं परत करणारे वाचक मात्र कमी. मला ते पुन्हा वाचायचंय आणि ग्रंथालयातली प्रत गेले कित्येक महिने बाहेर आहे. तेव्हा ज्या कुणी ‘उद्या’ नेलं असेल, त्यांनी ते कृपया आजच परत करावं.