साप्ताहिक सभेस वक्ता आणणे, थांबविणे व सुखरूप घरी पोचविणे

प्रस्तुत मार्गदर्शन तालुक्याच्या गावातील सेवाभावी क्लबांच्या कार्यक्रम समिती-प्रमुखांसाठी आहे. १ जुलैच्या सुमारास नवा अध्यक्ष गळ्यात कॉलर घालून घेतो, त्या समारंभात जो सभासद फोन घ्यायला बाहेर गेलेला असतो, त्याला हे पद मिळते. आमच्या पिनवर रोटरीचं चाक आहे की लायन्सचा सिंह, हे इथे सांगणार नाही. मी दोन्हीकडे जेवलो आहे. दोन्हीकडे वक्ता सारखाच उशिरा उभा राहतो आणि पुलाव सारखाच गार होतो.

अभ्यासकाने प्रथम इतिहास पाहावा. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी असे चौघे त्या अभियंत्याच्या कचेरीत जमले. पुढे सभा पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या, म्हणून नाव रोटरी. त्या पहिल्या सभेला प्रमुख पाहुणा नव्हता, परिचय नव्हता, आभार नव्हते. मोठ्या शहरात धंदा करणाऱ्या चार माणसांना जरा टेकून बोलायचं होतं, एवढंच. बारा वर्षांनी, १९१७ साली, त्याच शिकागोतल्या मेल्विन जोन्सने लायन्सची मुहूर्तमेढ रोवली. जोन्स विमा व्यवसायातला. म्हणजे विमा प्रतिनिधीने वक्ता म्हणून येण्यास थेट संस्थापकांचा आधार आहे. हे त्याच्यासमोर मान्य करू नये.

वक्ता शोधणे. वर्षाचे बावन्न गुरुवार धरावेत. त्यांतून गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि प्रांतपालांची भेट वजा करावी. तरी जे उरतात ते पाहून पोटात गोळा येतो. २०१६ पासून चाकवाल्यांच्या नियमांत महिन्याला दोन सभांवर भागवण्याची सोय झाली आहे. पण आमच्याकडे हे सुचवणाऱ्याकडे लोक असे बघतात, की जणू त्याने घटस्फोटाचं बोलणं काढलं.

शेअर बाजारावरील वक्त्यास बोलावू नये. प्रेरणादायी वक्त्यास तर मुळीच नाही. तो साठीच्या पुढच्या सभासदांना उभं करतो, शेजाऱ्याचे खांदे दाबायला लावतो, डोळे मिटून यश बघायला सांगतो. डोळे मिटल्यावर आमच्या निम्म्या सभासदांना यश नाही, झोप येते. मधुमेहतज्ज्ञ चालेल, मात्र त्या दिवशी गोड काय ठेवावे यावर समितीची स्वतंत्र बैठक लागते. शेवटी फ्रूट सॅलड ठरतं. फळं असल्यामुळे ते औषधात धरतात आणि दोन-दोन वाट्या घेतात. जिल्हाधिकाऱ्यांना बोलावल्यास निमंत्रणपत्रिका छापाव्यात आणि कार्यक्रम त्यांच्याविना पार पाडण्याची तयारी ठेवावी.

खरं सांगायचं तर चांगला वक्ता शोधायला पुण्या-मुंबईला फोन लावावा लागत नाही. ज्याला एकच गोष्ट पक्की कळते आणि जी तो रोज करतो, असा माणूस गावातच असतो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. आमच्याकडे एक सर्पमित्र आला. (फोनवरच बजावून सांगावे: साप आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि आमचे खजिनदार त्याहून जुने आहेत.) नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार त्याने चित्रांवरून ओळखायला शिकवले. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि अनेकदा दुखतसुद्धा नाही, म्हणून उपचाराला उशीर होतो. चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, गाडी काढून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. पाऊण तास कुणी घड्याळ पाहिलं नाही. त्या आठवड्यात गावातल्या फर्निचरवाल्याकडे पलंग चांगले खपले म्हणतात.

परिचय. परिचय वक्त्याहून लांब असू नये. वक्त्याने पाठवलेले तीन पानी टिपण वाचू नये. वाचायचेच तर आधी चारसूत्री कसोटी लावावी. डबघाईला आलेली भांड्यांची कंपनी सावरण्यासाठी हर्बर्ट टेलरने १९३२ मध्ये हे चार प्रश्न काढले आणि आज ते चाकवाल्यांच्या भिंतीभिंतींवर आहेत. पहिलाच प्रश्न, हे सत्य आहे का, असा आहे. आमच्याकडचे बहुतेक परिचय दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचत नाहीत.

वेळ. सभा आठला असते, म्हणजे साडेआठला. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि वर्गणी थकवणाऱ्यांना खजिनदारांचा प्रेमळ इशारा, हे सगळं भाषणाच्या आधी उरकण्याची प्रथा आहे. ती मोडावी. आधी वक्ता, मग निवेदने. वर्गणीचा विषय निघाला की माणसं आपोआप जेवणाकडे सरकतात, त्यामुळे सभाही वेळेत संपते. जाता जाता नोंदवतो: सिंहवाल्यांनी १९८७ आणि चाकवाल्यांनी १९८९ उजाडेपर्यंत बायकांना सभासद करून घेतलं नाही. आमच्याकडे अध्यक्षपद पहिल्यांदा बाईंकडे गेलं, त्या वर्षी आठची सभा आठला सुरू झाली. त्यांचं वर्ष संपल्यावर ती पुन्हा पूर्वपदावर आली.

प्रोजेक्टरची वायर समितीप्रमुखाने स्वतःच्या घरून आणावी.

केटररला भाषण संपेपर्यंत झाकणे उघडू देऊ नयेत. फोडणीच्या वासापुढे कुणाचंही वक्तृत्व टिकत नाही.

सिंहवाल्यांकडे दंड गोळा करायला टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी असतो, चाकवाल्यांकडे सार्जंट. त्याचे अधिकार वक्त्यांपर्यंत वाढवावेत अशी माझी जुनी मागणी आहे.

प्रश्नोत्तरे. या मार्गदर्शनाचा खरा विषय आता आला. प्रत्येक क्लबात एक सर्वांत ज्येष्ठ माजी अध्यक्ष असतात. यापुढे त्यांना नुसते ‘ज्येष्ठ’ म्हणू. कॉलरच्या साखळीत दरवर्षी एका माजी अध्यक्षाच्या नावाची पट्टी वाढते; ज्येष्ठांची पट्टी इतकी वरची, की अध्यक्षांच्या मानेला टोचते. ते पहिल्या रांगेत बसतात, परिचय सुरू होताच झोपतात आणि ‘काही प्रश्न?’ हे शब्द कानी पडताच जागे होतात. ‘प्रश्न नाही, दोन शब्द,’ असं म्हणून उठतात. त्यांच्या कारकिर्दीत क्लबने एसटी स्टँडवर पाणपोई बांधली. वक्ता कोणत्याही विषयावर बोललेला असो, ज्येष्ठ दुसऱ्या वाक्याला पाणपोईवर येतात. अवकाश संशोधनावरून ते पाणपोईवर आलेले मी पाहिले आहे. मराठी गझलेवरूनही. मण्यारीवरून तर अगदी सहज आले. पाणपोईच्या पायातच एक निघाली होती म्हणे.

उपाय बरेच झाले. माइक लांब ठेवून पाहिला. ज्येष्ठांना माइक लागत नाही. प्रश्न चिठ्ठीवर मागवले. त्यांनी सात चिठ्ठ्या दिल्या.

मग आम्ही एसटी आगारातल्या एका वाहतूक नियंत्रकांना बोलावलं. ते कागद न घेता आले. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं: संध्याकाळी खेड्यात जाणारी, चालक-वाहक तिथेच झोपणारी, पहाटे पोरांना आणि दुधाच्या किटल्यांना घेऊन तालुक्याला येणारी. वेळापत्रकातून ती एक गाडी काढली, तर कोणत्या वाडीतली मुलगी कॉलेज सोडते, हे त्यांना वाडीच्या नावासकट माहीत होतं. ज्येष्ठ त्या रात्री झोपले नाहीत. ‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर सगळ्यांनी सवयीने खुर्च्या मागे सरकवल्या. पण नियंत्रकच म्हणाले, ‘तुमच्यापैकी कुणी बांधली माहीत नाही, पण स्टँडवरच्या पाणपोईला अजून पाणी असतं. उन्हाळ्यात आमचे वाहक तिथेच बाटल्या भरतात.’ ज्येष्ठांनी काहीच विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी हे सगळ्यांना दोनदा सांगितलं आणि आता ‘दोन शब्द’ चार मिनिटांनी वाढले आहेत.

फेलोशिप, म्हणजे सभेनंतरचं जेवण. सभेच्या व्हॉट्सअॅप संदेशात वक्त्याच्या नावाआधी ‘फेलोशिप सौजन्य’ ही ओळ वाचली जाते, याचा वक्त्याने राग मानू नये. वाढदिवसवाल्याने जेवण द्यायचं ही रीत आहे, आणि कोण पनीरवर भागवतो, कोण मटण देतो याची क्लबाकडे लिखित नसलेली पण चोख नोंद असते. एक सभासद चुकलेल्या हजेरीची भरपाई करायला कोल्हापूरच्या क्लबात जाऊन आले. तांबडा-पांढरा चाखल्यापासून ते मुद्दाम हजेरी चुकवतात. हसू नये. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर कोण बसणार, नेत्रशिबिराला कुणाची जीप, दहावीच्या पोरीची फी कुणी गुपचूप भरायची, हे ठरावांच्या वहीत शोधलं तर सापडणार नाही. ते हातात ताट घेऊन, भाताच्या रांगेत ठरतं. म्हणून वक्त्याला जेवल्याशिवाय सोडू नये आणि पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर एकटं बसवू नये. भाषणात सांगायचं राहिलेलं तो इथे सांगतो, आणि तेच जास्त चांगलं असतं.

निरोप. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह द्यावे. त्यासोबत पाकिटात प्रवासखर्चही घालावा. बॅनरवाल्याला, माइकवाल्याला, फुलवाल्याला आम्ही पैसे मोजून देतो आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्याला काचेचा चौकोन देऊन वाटेला लावतो. पेट्रोल पंपावर स्मृतिचिन्ह चालत नाही.

रात्री साडेदहाला स्टँडवर सोडायला गाडी काढतो तो माणूस ठरलेला आहे: ज्येष्ठ. ताशी पंचवीसच्या वेगाने नेतात, वाटेत पाणपोई दाखवतात आणि वक्त्याची बस सुटेपर्यंत हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी वक्त्याचा आभाराचा फोन त्यांनाच येतो, मला नाही.

पुढच्या गुरुवारची जागा रिकामी आहे. विमा प्रतिनिधीचे दोन फोन येऊन गेलेत.