कागदावरचा जोर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी निळी एसजी९० सर्वो मोटर वजनाने जेमतेम ९ ग्रॅम, पण कागदावर जोर १.८ किलो-सेंटीमीटर! म्हणजे १.८ किलोची ओढ, तीही दांडी एक सेंटीमीटर असेपर्यंतच. चार सेंटीमीटरची लावली की चौथाई. गिअर प्लास्टिकचे, दांडी अडली की आधी त्यांचेच दाते जातात. म्हणून जाणकार धातूच्या गिअरची एमजी९०एस सुचवतात. तिच्या काही नकलांत धातू फक्त स्टिकरवर सापडतो. तेव्हा बुडाचे चार स्क्रू काढून आत डोकावावे. दुकानदार रागावला तर समजून घ्यावे. तरीही मोटर थरथरली, तर वीज कुठून देतोय ते पाहावे. आर्डुइनो बोर्डाच्या एकाच पिनेवर सहा सर्वो जगवणाऱ्यांनी बहुधा गावची नळपाणी योजना आखलेली असावी.