समांतर संघटनेच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय अध्यक्षसाहेब,
जिल्हा खो-खो संघटना (आपली)



आपले मनःपूर्वक अभिनंदन. गावातले मैदान यंदाही हिवाळाभर सेल, प्रदर्शने आणि लग्नाच्या मांडवांना गेले. ते वाचवण्यासाठी पालिकेत दोन निवेदने पडली होती, त्यांतले एक आपले. मागणी एकच होती. मजकूरही जवळपास तोच, कारण दोन्ही निवेदने एकाच झेरॉक्सवाल्याकडे टाइप झाली होती. फरक काय तो शेवटच्या परिच्छेदात. आमच्या निवेदनात आपली संघटना अनधिकृत होती आणि आपल्या निवेदनात आमची. आवक-जावकच्या बाईंनी दोन्हींवर शिक्का मारला आणि साहेबांनी दोन्हींवर एकच शेरा मारला: ‘उभय संघटनांनी आपसांत समन्वय साधून एकत्रित निवेदन सादर करावे.’ शेऱ्याची प्रत आमच्या हाती पडली तेव्हा मैदानावर बांबूंचा दुसरा टेम्पो रिकामा होत होता.

मांडववाल्याला मी दोष देत नाही. त्याचा तो धंदा आहे, रीतसर पावती फाडून येतो. मानकरी आपण. समोरची फळी फोडायला लोक पैसे मोजतात. आपण तेच काम मानद पदावर राहून, वर स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून करता.

मांडव उठल्यावर आपण कधी मैदानावर फिरकला नाहीत, म्हणून सांगतो. पोरंपोरी रांगेने ओणवी होऊन मैदान विंचरतात. निघतात खिळे, तारेचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या आणि एकदा तर करवलीच्या हातातला अख्खा कलश. मग बांबूंच्या खड्ड्यांत माती भरायची, पाणी मारायचे, रोलर नाही म्हणून पायांनी तुडवायची, आणि त्यावर फक्की मारून २७ बाय १६ मीटरचे मैदान आखायचे. एवढे करूनही एखादा खिळा राहतोच. तो सापडतो पोल डाइव्ह मारणाऱ्या पोरीच्या कोपराला.

याच खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण चौकात तातडीने फ्लेक्स लावलात. त्यावर कर्णधार पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि आपण पूर्णाकृती, हात जोडून. चषक कोणी जिंकला याबद्दल गावात अजून दोन मते आहेत.

समांतर संघटनांची आपली परंपरा मोठी आहे, हे मान्यच करायला हवे. नोव्हेंबर २०२३ आठवा. त्या एका महिन्यात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली आणि दहा-बारा दिवसांत धाराशिवला शिवराज राक्षेनेच दुसरी गदा उचलली. पठ्ठा एकाच महिन्यात फायनल हरलाही आणि जिंकलाही. २०२५ला पुन्हा तेच: एक अहिल्यानगरला, एक त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला. पैलवानांना काय, लढायचे ठाऊक. पण तालमीला छप्पर हवे, वस्तादाला मानधन हवे, ही मागणी घेऊन मंत्रालयात जायचे तर कोणत्या गदेने जायचे?

कबड्डीने तर आणखी पुढची चढाई केली. २०१८च्या आशियाई स्पर्धेतली संघनिवड दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि संघ परत आल्यावर निवडलेल्यांनी डावललेल्यांशी सामना खेळावा, असा आदेश निघाला. सप्टेंबरात दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये एक संघ येऊन थांबला; दुसरा फिरकलाच नाही. पुढच्या वर्षी बालेवाडीत नव्या महासंघाची वेगळी लीगही सुरू झाली. शेवटी संसदेला आपली दखल घ्यावी लागली. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा झाला: देशपातळीवर एका खेळाची एकच मान्यताप्राप्त संघटना, आणि भांडणांसाठी खास न्यायाधिकरण. म्हणजे आता आपली सोयच झाली. तारखा एकाच ठिकाणी पडतील.

जुन्या लोकांचे मात्र नशीब थोर, त्यांच्या वेळी आपण नव्हता. हुतुतूचे संजीवनी, गामिनी, अमर असे वेगवेगळे प्रकार होते आणि प्रत्येक गावाला आपलाच खरा वाटायचा. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात अशी ठिकठिकाणची माणसे देशी खेळांसाठी खपत होती. नियम बांधले गेले, बदलले गेले, पुन्हा बांधले गेले. त्यातूनच पुढे बुवा साळवींसारख्यांनी ही कबड्डी १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेली. आपण तेव्हा असता तर आज संजीवनीचा एक महासंघ, गामिनीचा दुसरा आणि अमरचा तर अमरच राहिला असता.

आपल्या प्रमाणपत्रांबद्दलही बोलले पाहिजे. चार रंग, सोनेरी किनार, तीन सह्या. आपल्या स्पर्धेत पहिला आलेल्या पोराने ते लॅमिनेट करून ठेवले होते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून भरतीच्या वेळी ते पडताळणीला दिले. क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात त्याला एवढेच विचारले, की ही संघटना मान्यताप्राप्त आहे का? पोरगा आता कुरिअर वाटतो. परवा आपल्याही घरी पार्सल घेऊन आला होता. आपण ओटीपी सांगितलात, त्याला ओळखले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर सगळ्या खेळांची बैठक बोलावली होती, ती तरी आठवत असेल. कबड्डी, कुस्ती, खो-खो, मल्लखांब, व्हॉलीबॉल. कधी नव्हे ते सगळे एका खोलीत. मागण्या तीनच. विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हटले आहे तिथे वर्षातले किती दिवस दुसऱ्या कामाला द्यायचे ते ठरवा. कोणाला, कधी दिले त्याची यादी फाटकावर लावा. आणि अनामत रकमेतून मैदान पूर्ववत करून घ्या. यात जगावेगळे काही नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर बिगरखेळ कार्यक्रमांना वर्षाचे ४५ दिवस ठरलेले आहेत, कारण तिथले रहिवासी पाठपुरावा करून उच्च न्यायालयापर्यंत गेले. आमच्याकडे दिवस मोजायलाही कोणी नाही.

बैठकीत पहिलाच विषय निघाला, निवेदनावर नाव कोणाचे आधी? वर्णानुक्रमे लावू, असे मल्लखांबवाले म्हणाले. कबड्डी पहिली, कुस्ती दुसरी, इथवर ठीक चालले. तिसऱ्या क्रमांकावर खो-खो आली आणि आपण उठून विचारलेत, ‘कोणती?’ पुढे चहा दोनदा झाला. व्हॉलीबॉलवाले अंधार पडायच्या आत नेट काढायचे म्हणून निघून गेले. आपण सभात्याग केलात तो थेट पत्रकार परिषदेत, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात क्रीडा संघटना समन्वय समितीची स्थापना झाली. कंसात ‘मूळ’.

असो. सोबत निवेदनाचा मसुदा जोडला आहे. लेटरहेडचा वाद नको म्हणून कोरा फुलस्केप घेतला आहे. बाकीच्या चार खेळांच्या सह्या झाल्या आहेत, त्या वर्तुळात केल्या आहेत, म्हणजे पहिली कोणाची आणि शेवटची कोणाची, हे ब्रह्मदेवालाही कळू नये. माझ्या सहीशेजारी आपल्यासाठी जागा ठेवली आहे. वर्तुळाच्या मध्ये सही करू नये, तिथे मैदानाचा सर्व्हे नंबर लिहायचा आहे.

आपला,
कार्यवाह,
जिल्हा खो-खो संघटना (आमची)