एकविसावा खंड

मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईला आहे, हे वाईबाहेरच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते काम इथं उभं केलं. पहिला खंड 1976 साली निघाला आणि विसावा पुरा व्हायला 2015 उजाडलं. एकेका नोंदीमागं लेखक, तज्ज्ञ, संपादक आणि बक्कळ धीर. त्याच गावात, स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आप्पा बसतात. त्यांना एका नोंदीला अर्धा कप पुरतो.

आप्पा एसटीत कंट्रोलर होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी त्या जाळीच्या खिडकीमागं, माइकसमोर काढली. "सातारा गाडी पाच मिनिटांत फलाटाला लागेल," असं ते सांगायचे, तेव्हा गाडी पसरणी घाटात पंक्चर होऊन उभी असायची. पण आवाजच असा, की माणसं पिशव्या उचलून, पोरं काखेला मारून फलाटाच्या कडेला जायची. अर्ध्या तासानं पुन्हा तीच घोषणा, तीच खात्री, आणि माणसं पुन्हा पिशव्या उचलायची. मी एकदा विचारलं, "आप्पा, गाडीचा पत्ता नसताना सांगायचात कसं?" तर म्हणाले, "लेका, 'कदाचित' म्हणणारा कंट्रोलर स्टँडवर मार खातो." निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल देऊन खात्यानं माइक तेवढा काढून घेतला. आवाज राहिला.

त्या काळातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मुंबईची, बोरिवलीची गाडी विचारा, आप्पा मिनिटासकट वेळ सांगत. मेणवलीची विचारली, की म्हणत, "येईल की. कुठं जातीय!" मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर.

असा एक माणूस प्रत्येक तालुक्याला मंजूर असतो. कुठं तो निवृत्त तलाठी असतो, कुठं कारखान्यातला माजी टाइमकीपर, कुठं नुसताच कुणाचा तरी मेहुणा. पाच वर्षांतून एकदा मत देऊन आपण हात झटकतो. हा रोज सकाळी सातला द्यायला बसतो, बोटाला शाई न लावता.

राजकारणाची नोंद आप्पा आदरानं उघडतात. चष्मा पुसतात, बशी बाजूला सारतात. 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात शरद पवारांनी भर पावसात सभा घेतली. त्या सभेला हजर असल्याचं सांगणारी माणसं एकत्र केली तर साताऱ्याचं मैदान सोडाच, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यालाही मावायची नाहीत. आप्पा त्यांतले अग्रणी. "मी भिजलोय त्या पावसात," या वाक्यानं त्यांचा कुठलाही राजकीय युक्तिवाद सुरू होतो आणि बहुधा तिथंच जिंकला जातो. वास्तविक त्या संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर कांदाभजी खात होते. ओले झालेच असतील तर बशीतल्या चहानं. पण मी हे कुणाला सांगत नाही. माणसाच्या अंगावरचा पाऊस काढून घेऊ नये.

त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, तो इतक्या सकाळी की उभा महाराष्ट्र अंथरुणात होता. आप्पाही होते. टपरीवर मात्र म्हणाले, "मला कल्पना होती. लिहून घ्या, पाच वर्षं हलत नाही." 26 तारखेला राजीनामा झाला. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्यानं कप ठेवता ठेवता मुद्दाम विचारलं, "आप्पा, पाच वर्षं?" आप्पांनी फुंकर मारून एक घोट घेतला. "गाडी रद्द झाली, रूट बंद झालाय का? कोण ना कोण पाच वर्षं बसणारच की." गाडी रद्द झाल्याचं त्यांनी आयुष्यात कधी चूक म्हणून कबूल केलं नव्हतं. ती वरून आलेली सूचना असायची.

करमणूक हा त्यांचा खास प्रांत, आणि इथं मी त्यांच्यापुढं निमूट असतो, कारण या एका विषयात त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. 'गंगाजल'च्या वेळी वाई बिहारात गेली. 'ओंकारा'ला आणि 'दबंग'ला ती उत्तर प्रदेशात होती. 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तामिळनाडूत. 'स्वदेस'ला मेणवलीच्या घाटावर, जिथं नाना फडणवीसांचा वाडा आहे तिथं, दिल्लीकडचं खेडं उभं राहिलं. "आरं, आमचं गाव सगळीकडं फिरून आलं," आप्पा कळवळून म्हणतात, "पण वाईत वाई कधी लागली का? फलक बदलत्यात नुसते!" गाडी तीच, पाटी वेगळी, हे दुःख एसटीच्या माणसालाच नेमकं कळणार.

'गंगाजल'मधल्या एका गर्दीत ते स्वतः आहेत. म्हणजे असं ते म्हणतात. टीव्हीवर पिक्चर लागला की ते शेजारच्या पोरांना बोलावतात, पडद्याजवळ जाऊन उभे राहतात आणि बोट नाचवत थांबतात. "आला… आला… हा! गेला." एक डोकं मागून दिसतं, अर्धा सेकंद. त्या डोक्यावर भरपूर केस आहेत, एवढीच अडचण. मात्र तेव्हापासून कुठल्याही नटाच्या अभिनयावर ते सहकाऱ्याच्या नात्यानं बोलतात. मालिका त्यांना अजिबात आवडत नाहीत; कुठल्या सुनेनं कुठल्या सासूच्या दुधात काय कालवलं, हे नावडीनं का होईना, त्यांना तारीखवार पाठ असतं.

रोजच्या जगण्याबद्दलच्या नोंदी लहान आहेत. लग्नातली पंगत म्हणजे रिझर्व्हेशन आणि बुफे म्हणजे स्टँडिंग. मोबाइल म्हणजे सगळ्यांना माइक दिल्याचा परिणाम. बावधनचं बगाड रंगपंचमीला बघावं, टीव्हीवर बघू नये. चहात वेलदोडा घालणारा माणूस काहीतरी लपवत असतो.

आता सार्वजनिक जमीन. हा विषय निघाला की टपरीवरचे लोक खुर्च्या जरा मागं घेतात. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची 211 एकर जागा, 99 वर्षांचा भाडेपट्टा, तो 2013 सालीच संपला, हे सगळं आप्पांना मुखोद्गत. त्यांनी रेसकोर्स पाहिलेला नाही, घोडा फक्त पाचगणीत पाहिला आहे. तरी त्यांचा हुकूम पक्का: "घोडी हलवा, लोकांना चालू द्या. जागा कुणाच्या बापाची नाही." 2001 साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हापासून आप्पा त्या भागाचे बिनपगारी अंमलदार आहेत. टेबललँडवरच्या गाड्या बंद करा, टपऱ्या बंद करा, घोडे बंद करा. शेवटी माणसंही बंद. टेबललँडवर फक्त टेबललँड पाहिजे.

आमच्या कॉलनीच्या नकाशात कोपऱ्याला एक चौकोन हिरव्या रंगानं रंगवलेला आहे. प्लॉट पाडताना मोकळी जागा सोडावी लागते, ती ही. तिथं बाग होणार होती. सध्या तिथं पत्र्याची एक शेड आहे, शेडीत चार म्हशी आहेत, आणि म्हशींचा मालक पहाटे पाचपासून निम्म्या कॉलनीला दूध घालतो. दूध घट्ट असतं. आप्पांच्या घरच्या खरवसाचा उगमही तोच. आप्पांच्या मंडळी गुडघा धरून बसल्या होत्या, तेव्हा रात्री अकराला रिक्षा शोधून आणणाराही तोच.

मी एकदा खोडी काढली. "आप्पा, रेसकोर्सवरची घोडी हलवायची, मग या म्हशींचं काय?"

पहिल्यांदाच त्यांना कप रिकामा असल्याचं दिसलं. "त्याचं कसंय," ते सावकाश म्हणाले, "विषय वेगळा हाय. बघावं लागंल. माणूस तसा गरीब. पोरगी बारावीला." आणि मग तो जुना, मेणवलीच्या गाडीचा आवाज: "होईल की बाग. कुठं जातीय!"

मीही फार ताणलं नाही.

गेल्या महिन्यात नगरपालिकेचा माणूस फीत आणि वही घेऊन आला. सकाळची वेळ. तो चौकोनाच्या कडेला उभा राहिला, नकाशा उलटा केला, सुलटा केला, आणि कॉलनीतले सर्वांत जुने रहिवासी म्हणून त्यानं आप्पांना अदबीनं विचारलं, "आजोबा, ही शेड कधीपासून आहे इथं?"

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. त्याच्या बोटाच्या दिशेनं खूप वेळ बघितलं.

"कुठली शेड?"

आतून म्हैस रेकली. आप्पा आकाशाकडं बघू लागले. त्या माणसानं मान वळवून मला विचारलं, "तुम्ही इथलेच ना?"

मी हातातली दुधाची किटली पाठीमागं घेतली.