वाघाची लेन्स आणि दोनाचे नाणे

चंद्रपूर जिल्ह्यात कॅमेऱ्याच्या उपकरणांची निवड वाघाने आधीच करून ठेवली आहे. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आणि पुढे मोहर्ली-कोलाऱ्याच्या गेटवर पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या जिप्स्यांमध्ये माणसाची पत लेन्सच्या लांबीवरून ठरू लागली. 300 मिमीवाल्याने 600 मिमीवाल्याला वाट द्यायची, असा अलिखित मानपानच आहे. त्यामुळे आजोबांच्या पेटीतली नाणी टिपायची वेळ आली की घरातून बाहेर निघते तीही हीच लांब लेन्स.

तिचा नाण्याला उपयोग नाही. 600 मिमीची मोठी प्राइम लेन्स साधारण चार-साडेचार मीटरच्या आतल्या वस्तूवर फोकसच करत नाही. म्हणजे नाणे देवघरात ठेवायचे आणि फोटोग्राफरने ओसरीत जाऊन उभे राहायचे. एवढे करूनही तिची प्रतिमा वस्तूच्या जेमतेम 0.15 पट असते. दोन रुपयांचे 25 मिमी व्यासाचे नाणे सेन्सरवर पावणेचार मिमीचे उमटते आणि 36 बाय 24 मिमीचा उरलेला सेन्सर टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुलांना मिळतो. लाखो रुपये खर्चून काढलेल्या या छायाचित्रात फुले मात्र उत्तम येतात.

कॅमेऱ्याच्या बॉडीबद्दल सांगण्यासारखे फार थोडे आहे, म्हणून दुकानात चर्चा तिचीच जास्त होते. नाणे पळत नाही. सेकंदाला वीस फ्रेम घेऊन वीस सारखीच छायाचित्रे मिळतात. प्राण्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस नाण्यावरच्या हत्तीवर चालवून पाहायला हरकत नाही, पण फोकस हातानेच करावा लागतो. दहा वर्षांपूर्वीची, लग्नाच्या फोटोग्राफरने विकायला काढलेली बॉडी पुरेशी ठरते. पडद्यावर चित्र मोठे करून फोकस तपासता आला आणि दोन सेकंदांचा टायमर असला की काम भागते.

खरा प्रश्न लेन्सचा. मॅक्रो लेन्स वस्तू आहे त्या मापाची सेन्सरवर उतरवते, आणि विक्रेता तेच मोठ्याने सांगतो. प्रत्यक्षात ते 25 मिमीचे दोनाचे नाणे तेवढ्या मापात 24 मिमी उंचीच्या सेन्सरवर मावतच नाही. त्याहून एक पायरी लहान सेन्सरला तर 0.6 पटच पुरते. 100 मिमीच्या मॅक्रोचा फायदा वेगळा आहे: लेन्सचे तोंड नाण्यापासून लांब राहते आणि मधल्या जागेतून प्रकाश आत येतो. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी जुन्या 50 मिमी लेन्समागे 25 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावावी. विस्ताराला फोकल लांबीने भागले की अर्ध्या मापाची प्रतिमा मिळते. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळी असते. पोकळीला इतका रास्त भाव अन्यत्र क्वचितच मिळतो.

याहून उत्तम साधन बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर धूळ खात असते. डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्स जवळच्या, सपाट वस्तूसाठीच घडवलेली असते, आणि त्याचा उभा खांब कॅमेरा खाली तोंड करून टांगायला तयार स्टँड होतो. कॅमेरा नाण्याला समांतर आहे की नाही हे पाहण्यासाठी नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सला स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध दिसले की काम झाले. असा स्टँड भंगारात किलोवर गेल्यानंतर मालक ऑनलाइन नवा शोधू लागतो, असा साधारण क्रम आहे.

विदर्भात स्टँडचा मुख्य शत्रू कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की तो बंद ठेवणे अमानुष, आणि चालू ठेवला तर टेबल थरथरते. शहाणी माणसे हे काम पहाटे उरकतात. ॲपर्चर एफ 8 च्या आसपास ठेवावे. सगळे स्पष्ट यावे म्हणून एफ 22 निवडले, तर अर्ध्या मापाला ते परिणामतः एफ 33 होते आणि विवर्तनामुळे सगळेच सारखे पुसट येते.

प्रकाशाला सर्वांत कमी पैसे लागतात, म्हणून त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला होता. रॅप्सन यांच्या 1908 च्या ब्रिटिश म्युझियम सूचीत त्याची नोंद आहे. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, आणि धातू पोटिन, म्हणजे तांबे-कथील-शिशाचे काळपट मिश्रण. अशा झिजलेल्या नाण्यावर एकच दिवा अगदी आडवा, कडेने लावावा. सावलीतून अक्षरे वर येतात. सूचीसाठी नाण्याऐवजी त्याचा प्लास्टरचा ठसा टिपण्याची पद्धत त्या काळी रूढ होती, कारण प्लास्टर चमकत नाही. आजच्या स्टीलच्या नाण्याला उलट उपचार लागतो: दोन दिवे, दोहोंपुढे ट्रेसिंग पेपर, आणि दोन्ही एकाच जातीचे. एक पिवळा बल्ब आणि एक ट्यूबलाइट लावल्यास नाणे अर्धे सोन्याचे, अर्धे चांदीचे दिसते. आरशासारख्या नाण्यासाठी लेन्सखाली 45 अंशांत साधी काच धरून प्रकाश वरून पाडतात. रीलसाठी घेतलेली रिंग लाइट वापरल्यास चकाकत्या नाण्यावर पांढरी मेदूवड्याची आकृती उमटते.

चित्र स्वच्छ यावे म्हणून नाणे चिंचेने किंवा भांडी घासायच्या पावडरीने घासण्याची चाल घरोघरी आहे. त्याने शतकांचा थर जातो, बारीक ओरखडे येतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत कोसळते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या कृपेने हवेतून आलेली धूळ मऊ ब्रशने झटकावी, त्यापुढे जाऊ नये.

हे सारे साहित्य न घेता बहुतेक छायाचित्रे मोबाइलवर, तळहातावर नाणे ठेवून काढली जातात. त्यांचा हेतूही ठरलेला असतो: वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाचाचे नाणे लाखाला विकणे. ही नाणी अजूनही चलनात आहेत आणि पाच रुपयांना पाच रुपयांचाच माल मिळतो. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन जुन्या नाण्यांवर कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले. ते पत्रकही त्याच मोबाइलवर येते.

जमिनीत सापडलेल्या नाण्याला वेगळा नियम आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. दहा रुपयांची मर्यादा तशीच आहे; दहाचे नाणे मात्र अनेक दुकानांत घेत नाहीत. त्या नोटिशीत वस्तूचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहायची असते. छायाचित्राची अट कायद्यात नाही, तरी काढलेच तर नाणे उचलण्यापूर्वी एकदा जागेवर आणि नंतर दोन्ही बाजूंनी, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून काढावे. त्याला मोबाइल चालतो.