भंगार ते वारसा

हॉर्निमन सर्कलला विंटेज अँड क्लासिक कार क्लबची रॅली जमली की लोक गाड्या बघायला जातात. बिचाऱ्यांचा गैरसमज होतो. माझ्या मते तिथे मालकांचा हट्ट मांडलेला असतो, आणि हट्टाला चाकं नसल्यामुळे सोबत गाडी आणावी लागते.

याचा पुरावा खुद्द सरकारने दिला आहे. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं. त्या हिशेबाने शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून बाद झाली. उलट केंद्राचा २०२१ चा नियम म्हणतो की ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी विंटेज. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतील. म्हणजे विसाव्या वर्षी जो पत्रा भंगारात, तोच पन्नासाव्या वर्षी वारशात. मधल्या ३० वर्षांत गाडीने कोणतं तप केलं? ती हवा गेलेल्या टायरांवर ताडपत्रीखाली पडून होती. तप केलं मालकाने. सोसायटीच्या सभेत दरवर्षी 'बंद वाहने हटवणेबाबत' विषय निघाला, भंगारवाला गेटाशी घुटमळून गेला, जावयाने हप्त्यांवर मिळणाऱ्या नव्या गाड्यांची माहितीपत्रकं टीपॉयवर विसरल्यासारखी ठेवली, शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर मागे लागला. एवढ्यातूनही जो बधला नाही, तो रविवारी फेटा बांधून गाडीशेजारी उभा असतो. त्याने मिशीला पीळ दिला तर तो त्याचा हक्कच आहे.

१९५० च्या दशकातली फियाट ११००, आपली 'डुक्कर फियाट', घ्या. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. रस्त्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीकडे बघून एरवी आपण हळहळतो. इथे बॉनेट उघडलं की गर्दी लोटते. काचेवर पाटी असते, 'कृपया हात लावू नये', आणि मालक स्वतःच मडगार्डवर बोटाची पेरं वाजवून सांगत असतो, "पत्रा बघा, पत्रा!" मग पिवळ्या फडक्याने तेवढीच जागा पुसतो. गाडी किती पळते हे तो सांगत नाही. कार्ब्युरेटरचं किट कुठून मिळवलं, कुर्ल्याच्या कोणत्या मिस्त्रीने पॉइंट सेट केले, तो मिस्त्री आता कसा गावी गेला, हे मात्र साग्रसंगीत.

यावर कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसबद्दल हे मान्य. पागेइतकं मोठं गॅरेज असलं की गाडी टिकते, कारण ती तिथे आहे हेच कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यात हट्ट कसला? एकाच पार्किंगच्या हक्कावर फियाट राखणाऱ्याला मी पहिलं बक्षीस देईन. परीक्षक देत नाहीत, हा भाग वेगळा. दुसरा आक्षेप इतिहास जपण्याचा. हेतू इतिहासाचाच असता तर गाडी संग्रहालयाला देऊन माणूस मोकळा झाला असता. पण संग्रहालयात किल्ली दुसऱ्याकडे जाते.

हे वेड जागतिक आहे. लंडन ते ब्रायटन रनची सुरुवात १८९६ ची, वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेल्याच्या आनंदात निघालेली. आज तिथे १९०५ पूर्वीचीच गाडी चालते. १९०५ ची गाडी घेऊन कोणी गेलं, तर ती पोरसवदा ठरते.

उरला धुराचा आक्षेप. त्याची काळजी नियमानेच घेतली आहे. व्हीए नंबर घेतला की गाडी रोज वापरायची नाही. काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. पहिले तीन योग वर्षातून एकदोनदा येतात, चौथा त्यांच्यामागोमाग, आणि पाचव्यासाठी गाडी टोइंगने जाते, तेव्हा धूर टोवाल्याचा.

खरी कसोटी दुपारी लागते. कोणी तरी हमखास विचारतो, "काका, विकायची आहे का?" काकांचा चेहरा असा होतो की जणू घरातलं माणूस मागितलं. ते ठणकावून नाही म्हणतात, मग मान वळवून शेजारच्या मॉरिसवाल्याने ऐकलं की नाही ते बघतात. मॉरिसवाल्याला त्या दिवशी कोणीच विचारलेलं नसतं, आणि तो बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून काही तरी आवळत बसतो.